वांकड्या प्रती कोणास द्याव्या?

हातानें केलेल्या वस्तूंची प्रतिष्ठा आपल्या शहरांतून अलीकडे फार वाढली आहे. हातमागाचें लुगडें, हातानें घडविलेलें मातीचें भांडें, हातकागदाची वही यांना पूर्वीं गरजेपुरतें गिऱ्हाईक असे. आतां त्यांना रसिक लाभले आहेत. ही गोष्ट आनंदाची आहे, आणि तिच्यामुळें कारागिराच्या पदरांत चार पैसे अधिक पडत असतील तर ती अधिकच आनंदाची आहे. परंतु या वस्तूंबरोबर पुष्कळदां एक चिठ्ठी येते, तिच्याकडे आम्ही आमच्या वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ही वस्तु हातानें केलेली असल्यामुळें तींत रंगाचा, मापाचा किंवा विणीचा थोडासा फरक आढळेल; तो दोष समजूं नये, तेंच तिचें सौंदर्य होय, अशा आशयाचा मजकूर त्या चिठ्ठीवर असतो. चिठ्ठी स्वतः मात्र यंत्रावर, अगदीं सरळ ओळींत छापलेली असते! दोष हा दोष नसून गुण आहे असें विकणाऱ्यानें सांगावें आणि घेणाऱ्यानें मान डोलवून तें मान्य करावें, हा व्यवहार आम्हांस सरळ वाटत नाहीं. त्यांत कोणाची तरी फसवणूक होत आहे. ती विकणाऱ्याची, घेणाऱ्याची कीं करणाऱ्याची, एवढाच विचार करावयाचा राहतो.

हा विचार आमच्या मनांत नुसत्या तर्कानें आला नाहीं. कर्जत तालुक्यांत अलीकडे जीं खासगी विद्यापीठें आणि महाविद्यालयें निघालीं आहेत, त्यांपैकीं एकांत डिझाइन शिकणाऱ्या एका मुलीनें हातानें बांधलेलें एक लहानसें पुस्तक केलें, आणि तें पुरें झाल्यावर आपल्या अध्यापकांकरितां त्या उद्योगाविषयीं एक टिपण लिहिलें. (डिझाइन हा शब्द आम्ही तसाच ठेवतों. त्यास ‘संकल्पन’ वगैरे प्रतिशब्द सुचविण्यांत आले आहेत, पण तें शास्त्र शिकणारीं मुलें ते वापरीत नाहींत, आणि ज्यांचा शब्द त्यांनींच तो ठरवावा हें बरें.) पुस्तक आणि टिपण दोन्ही आमच्या पाहण्यांत आलीं. पुस्तक चांगलें आहे. परंतु टिपणांतील एका प्रश्नानें आम्हांस अधिक अडविलें.

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे आंतले तालुके. कोंकण म्हटलें कीं जी नारळी-पोफळी आणि जी खाडी डोळ्यांपुढें येते ती येथें नाहीं. येथें सह्याद्रीचा कडा आहे, उल्हास आणि पाताळगंगा आहेत, आणि पायथ्याशीं भाताचीं खाचरें आहेत. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्यें खुला झाला, तेव्हांपासून हा प्रदेश दोन मोठ्या शहरांच्या वाटेवरचा झाला. खोपोलीस १९१५ मध्यें टाटांचें वीजगृह चालू झालें आणि घाटावरच्या पाण्यापासून झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांस गेली. येथून कांहीं ना कांहीं नेहमींच बाहेर जात आलें आहे. बाहेरून येथें आलेल्या वस्तूंची यादी त्या मानानें आंखूड निघेल. कर्जतचें नांव शेतकऱ्यांच्या तोंडीं आहे तें तेथील भात संशोधन केंद्रामुळें. ‘कर्जत ३’, ‘कर्जत ७’ हीं बियाण्यांचीं नांवें ज्यांनीं कर्जत कधीं पाहिलें नाहीं अशांसही ठाऊक असतात. पण ज्या खाचरांत हें भात व्हावयाचें तीं खाचरें एकामागून एक विकलीं जात असून त्यांवर शहरांतील लोकांचे सुटीचे बंगले उठत आहेत. खाचर गेलें कीं खाचरांतलें काम जातें, आणि काम गेलें कीं कामाचे शब्दही जातात.

या मुलीनें हे शब्द गोळा केले. पावसाआधीं पाला, गोवर, काटक्या पसरून जमीन भाजावयाची तो राब. रोपें वाढवावयाची ती दाढ. मग चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी. भारे रचून करावयाची ती उडवी. झोडणी आणि शेवटीं वारवणी. एकेका शब्दास एक पान, समोरच्या पानावर लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापलेलें चित्र, आणि शब्दाखालीं तो ज्या बायकांनीं सांगितला त्यांच्याच बोलींतलीं दोनचार वाक्यें. ज्या वाडींत ती वर्षभर जातयेत होती तेथील एका म्हातारीनें तिला निम्म्याहून अधिक शब्द दिले.

मजकूर तिनें एका लहान छापखान्यांत छापून घेतला. चित्रें स्वतः हातदाबानें उठविलीं. बांधणी सर्वस्वी तिची. चौसष्ट पृष्ठांचें पुस्तक, सोळा पृष्ठांचा एक याप्रमाणें चार जुज, आणि प्रती चाळीस. म्हणजे एकशेंसाठ जुज दुमडावयाचे, त्यांच्या पाठीवर सारख्या अंतरावर भोंकें पाडावयाचीं, मेण लावलेल्या दोऱ्यानें ते एकमेकांशीं शिवावयाचे, पाठीला खळ लावून वजनाखालीं ठेवावयाचे आणि मग पुठ्ठ्यांत बसवावयाचे. हिला जुजबंदी म्हणतात. ऐकावयास सोपें आहे. ज्यानें केलें आहे त्यास ठाऊक असतें कीं दोरा जरा अधिक ओढला तर भोंकाशीं कागद फाटतो, आणि जरा सैल सोडला तर जुज आंतल्या आंत सरकून पुस्तक एका अंगास कलतें. किती ओढावें हें कोणी सांगूं शकत नाहीं. तें बोटांस कळावें लागतें, आणि बोटें सावकाश शिकतात. त्यांतून तिनें हें काम आषाढांत काढलें. कर्जतच्या पावसांत खळ वाळत नाहीं, पुठ्ठे ओल धरून वाकतात, आणि रात्रीं सरळ ठेवलेलें पुस्तक सकाळीं होडीसारखें झालेलें दिसतें. पहिल्या बारा प्रती वांकड्या झाल्या. तेराव्या-चौदाव्या प्रतीपासून हात बसत गेला, आणि विसाव्यानंतरच्या प्रती एखाद्या जुन्या बांधणाऱ्यासही नांवें ठेवतां येऊं नयेत अशा उतरल्या.

आतां चाळीस प्रतींची वांटणी करावयाची होती. परीक्षकांस कांहीं, प्रदर्शनांत विक्रीस कांहीं, ग्रंथालयास एकदोन, मित्रमैत्रिणींस कांहीं, आणि ज्यांनीं शब्द दिले त्या वाडीस बारा. हे दोन बारांचे आंकडे तिच्या मनांत आपोआप एकमेकांस जाऊन मिळाले. ज्यांस अक्षर वाचतां येत नाहीं त्यांस बांधणी काय दिसणार, असें तिनें शब्दांत म्हटलें नाहीं. पण गठ्ठा तसा बांधला गेला खरा, असें ती प्रामाणिकपणें लिहिते. त्या गठ्ठ्यांतली वरची प्रत घेऊन ती म्हातारीकडे गेली. म्हातारीनें पुस्तक उलटें धरलें कीं सुलटें, हें तिच्या लक्षांतही आलें नसेल. तिनें पानें पाहण्याआधीं पाठीवरून बोट फिरविलें, आणि एका जागीं तें थांबलें. “पोरी, टाका ढिला पडलाय बघ,” ती म्हणाली, “धुतल्यावर उसवंल.”

चाळीस वर्षें गोधड्या शिवणारीचें तें बोट होतें. पुस्तक धुवावयाचें नसतें एवढेंच तिला ठाऊक नव्हतें; बाकीचें सर्व ठाऊक होतें. परीक्षकांपैकीं एकानेंही टाक्यास हात लावून पाहिलें नव्हतें, ही गोष्ट टिपणांत नुसती एका ओळींत आली आहे. त्यापुढेंच मुलीनें तो प्रश्न विचारला आहे: मग वांकड्या प्रती कोणास द्याव्या?

प्रश्न लहान दिसतो. बारा पातळ पुस्तकांचा तो काय प्रश्न, असें कोणी म्हणेल. पण आपल्या घराकडे पाहावें. चांगला तांदूळ आपण जेवतों आणि कणी कामवालीस देतों. नवें लुगडें नेसतों आणि विरलेलें देतों. आणि देतांना आपल्यास दान केल्याचें समाधानही लाभतें. कठोपनिषदांत नचिकेत्याची जी कथा आहे तिचा आरंभ ब्रह्मविद्येनें होत नाहीं, अशाच एका वांटणीनें होतो. बापानें सर्वस्वाचें दान मांडलें आणि ज्यांचें दूध आटून गेलें आहे अशा गाई ब्राह्मणांस देऊं लागला. तें पाहून पोराच्या मनांत जी कालवाकालव झाली तिच्यांतून पुढची सारी कथा निघाली. यमाच्या दारीं विचारलेले प्रश्न थोर आहेत खरे. पण मूळ प्रश्न गोठ्यांतला आहे. ज्याला आपण कांहीं देणें लागतों त्याला आपल्यास नकोसें झालेलें देऊन मोकळें होतां येतें काय?

वरील चिठ्ठीचा बचाव करणारे येथें रस्किनचें नांव घेतील, आणि तें घेणें योग्यही आहे. कारण त्या मताचा थोर वकील तोच. ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथाच्या १८५३ मध्यें निघालेल्या दुसऱ्या भागांत त्यानें गॉथिक शिल्पावर जें प्रकरण लिहिलें त्याचा मतितार्थ असा कीं, जेथें सारें बिनचूक आहे तेथें माणसाचें यंत्र झालेलें आहे. खडबडीतपणा, असमानता, चुकलेला हात या जिवंत मनाच्या खुणा आहेत. आमच्या पिढीनें हें महाविद्यालयांत वाचलें, तेव्हां अंगावर रोमांच उभे राहिले होते, आणि अजूनही तें मत आम्हांस टाकाऊ वाटत नाहीं. परंतु रस्किनच्या पाथरवटाचा हात चुकला तो कां चुकला? ज्या उंचीवरचें शिल्प त्याला साधत नव्हतें तिकडे तो हात पोंचवूं पाहत होता म्हणून. त्याची असमानता ही त्याच्या धांवेची खूण होती. न शिकलेल्या हाताची, घाईनें केलेल्या कामाची असमानता ही निराळी वस्तु आहे. ती कसलीच खूण नाहीं, ती केवळ उणीव आहे. पहिल्या बारा प्रती वांकड्या झाल्या यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. शिकतांना तसें व्हावयाचेंच. त्यांना ‘हस्तस्पर्श’ असें नांव देऊन दुसऱ्याच्या माथीं मारणें यांत मात्र आहे. खरा बांधणारा वांकड्या पाठीचें पुस्तक पाहून कधीं हर्षित झालेला आम्हीं तरी पाहिला नाहीं. तो तें उसवतो.

आपल्याकडे हातानें केलेल्या ग्रंथाची परंपरा कांहीं नवी नाहीं. छापखाना येण्यापूर्वीं दुसरा ग्रंथच नव्हता. पोथ्या नकलून काढणारे लेखक ग्रंथाच्या अखेरीस कांहीं ठराविक श्लोक लिहीत, ते ज्यांनीं जुन्या पोथ्या हाताळल्या आहेत त्यांच्या परिचयाचे आहेत. पाठ, मान आणि कंबर मोडून, दृष्टि खालीं खिळवून हें लिहिलें आहे, असें लेखक सांगतो. येथें आजचा मनुष्य थांबला असता आणि कौतुकाची वाट पाहत राहिला असता. पोथीचा लेखक थांबत नाहीं. इतक्या कष्टानें लिहिलें आहे, *म्हणून* हें जपा, असें तो पुढें म्हणतो. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वांचवा, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका, अशी विनवणी तर तो ग्रंथाच्याच तोंडीं घालतो. कष्टांचा उल्लेख दोन्हीकडे आहे, पण त्याचें तोंड दोन निराळ्या दिशांस आहे: एका ठिकाणीं कष्ट करणाऱ्याकडे पाहा असें म्हणतात, दुसऱ्या ठिकाणीं ग्रंथाकडे. सैल बांधणीची धास्ती त्या अनामिक लेखकांस होती, आणि वाडीतल्या म्हातारीलाही तीच वाटली, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें.

याच रायगड जिल्ह्यांत, पण दूर दक्षिणेस महाड तालुक्यांत, शिवथरघळ आहे. तेथें समर्थांनीं दासबोध सांगितला आणि कल्याणानें तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि आमच्या मतें ग्रंथ घडविणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें तो वाचावा. डिझाइनच्या वर्गांत तो लावीत असतील तर आम्हांस आनंद होईल. अक्षर वाटोळें, सरळ, मोकळें असावें. ग्रंथाच्या आरंभीं जसें तसेंच अखेरीस असावें, जणूं एकाच टांकानें लिहिलें. असे तेथें बारीकसारीक नियम आहेत. तरुणपणीं हौसेनें बारीक अक्षर लिहिलें तर म्हातारपणीं तें कामाचें नाहीं, असा एक व्यवहारी इशाराही आहे. त्यांतील समासाचा, म्हणजे पानाच्या कोऱ्या कडेचा, नियम तर आम्हांस विशेष वाटतो. भोंवतालीं जागा सोडावी. कां, तर शोभेकरितां नव्हे. कागद झिजून कडा झडल्या तरी अक्षरास धक्का लागूं नये म्हणून. आजचे रचनाकार कोऱ्या जागेच्या सौंदर्यावर पुष्कळ बोलतात. ही कोरी जागा मुळांत झडण्याकरितां ठेविलेली आहे, हें वाचून आमची त्या सौंदर्याकडे पाहण्याची दृष्टि पालटली.

मात्र समर्थांस सोयीप्रमाणें वापरणें बरें नव्हे. त्याच समासांत, असा ग्रंथ पाहून लोकांस हेवा वाटावा आणि हा लिहिणारा पुरुष एकदां पाहावा असें त्यांनीं म्हणावें, अशीही अपेक्षा आहे. म्हणजे करणाऱ्याच्या कीर्तीचा समर्थांस विटाळ नव्हता. हें आमच्या वरील म्हणण्याविरुद्ध जातें असें प्रथमदर्शनीं वाटेल. पण क्रम पाहावा. तेथें कीर्ति ग्रंथांतून निघून करणाऱ्याकडे जाते. आधीं अक्षर, मग तो पुरुष. चिठ्ठीवाल्या व्यवहारांत आधीं करणाऱ्याचा हात पुढें येतो, आणि त्याच्या पुण्याईवर वस्तु खपते.

पश्चिमेकडे हा क्रम फार थोर माणसांच्या हातूनही बिघडला, त्याचें एक उदाहरण येथें विस्तारानें सांगण्यासारखें आहे. विल्यम मॉरिसनें १८९१ मध्यें केल्म्स्कॉट प्रेस काढला. यंत्रयुगांतील गबाळ्या छपाईचा त्यास संताप होता. रस्किनचें गॉथिकवरील तें प्रकरणही त्यानें १८९२ मध्यें आपल्या छापखान्यांत नव्यानें छापलें. १८९६ मध्यें त्यानें चॉसरचे ग्रंथ काढले. कागदावरच्या ४२५ प्रती, दर प्रतीस वीस पौंड. ग्रंथ अपूर्व होता. परंतु मॉरिस समाजवादी होता, कामकऱ्यांच्या सभांतून भाषणें करी, आणि वीस पौंड ही त्या कामकऱ्याची कित्येक महिन्यांची कमाई होती. हा विरोध त्याच्या टीकाकारांनीं त्यास दाखविला, आणि तो स्वतः कांहीं आंधळा नव्हता. त्याचाच स्नेही कॉब्डन-सँडर्सन. हा वकिली सोडून पुस्तकें बांधावयास शिकला, आणि पुढें १९०० मध्यें एमरी वॉकर याच्या भागीदारींत त्यानें डव्ह्ज प्रेस काढला. त्या छापखान्याचे खिळे इतके सुंदर होते कीं यंत्रावर त्यांचा कधीं उपयोग होईल ही कल्पनाच त्यास सोसवेना. भागीदारी मोडली, करारानें ते खिळे त्याच्यामागें वॉकरकडे जावयाचे होते. तेव्हां पंचाहत्तर वर्षांचा हा म्हातारा १९१६ च्या ऑगस्टापासून १९१७ च्या जानेवारीपर्यंत, रात्रीच्या अंधारांत, थोडे थोडे करून ते सारे खिळे हॅमरस्मिथच्या पुलावरून थेम्स नदींत टाकीत राहिला. सुमारें शंभर वर्षांनीं, २०१४ मध्यें, पाणबुड्यांनीं त्यांपैकीं दीडशें खिळे गाळांतून वर काढले.

ही गोष्ट सांगतांना लोक गहिंवरतात. आम्हांस गहिंवर येत नाहीं. अक्षरावरचें प्रेम वाढतां वाढतां शेवटीं अक्षर दुसऱ्या कोणीं वाचूंच नये येथवर येऊन पोंचावें, हें प्रेमाचें नव्हे, कृपणतेचें लक्षण आहे. ज्यानें हंडा पुरून ठेविला त्यालाही त्यांतील मोहरांविषयीं प्रेमच वाटत असतें.

कॉब्डन-सँडर्सनचा जन्म १८४० चा. त्याच्याआधीं एकच वर्ष जावजी दादाजी जन्मले. गरिबीमुळें लहान वयांतच ते अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यांत कामास लागले; १८६४ मध्यें त्यांनीं स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेलें निर्णयसागरचें देवनागरी अक्षर सौंदर्यांत कोणापुढें हार जाण्यासारखें नव्हतें. तें अक्षर जावजींनीं नदींत टाकलें नाहीं. हिंदुस्थानभर ज्यानें मागितलें त्याला विकलें. १८८६ पासून काव्यमाला या मासिकांतून कोणाच्या तरी घरीं बासनांत गुंडाळून ठेवलेलीं संस्कृत काव्यें शुद्ध, सुबक आणि मध्यम स्थितींतील शास्त्र्यालाही परवडेल अशा रीतीनें बाहेर पडूं लागलीं. अक्षराची जी काळजी थेम्सकांठीं होती तीच काळबादेवीच्या बाजूस होती. फरक इतकाच कीं येथें ती वाचणाऱ्याकरितां होती. अर्थात् निर्णयसागरास केल्म्स्कॉटचें ऐश्वर्य नव्हतें, हेंही कबूल केलें पाहिजे; जावजींस तें परवडतें ना. स्वस्त आणि चांगलें हें दोन्ही एकत्र साधणें हेंच त्यांचें कौशल्य होतें, आणि तें डोळ्यांत भरणारें नसल्यामुळें त्याच्यावर कोणी प्रदर्शनें भरवीत नाहीं.

निर्णयसागरच्या पुस्तकांवर छापणाऱ्याचें नांव आहे. बांधणाऱ्याचें नाहीं. तें कोठेंच नसतें. जिनगर आणि मुसलमान कारागीर यांनीं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पुस्तकें बांधलीं, त्यांपैकीं एकाचें नांव आमच्या संग्रहांतील कोणत्याही पुस्तकावर आम्हांस आढळलेलें नाहीं. छापणाऱ्याचें नांव तरी कां आलें? गौरवाकरितां नव्हे. १८६७ च्या छापखाने व पुस्तकें यांच्या नोंदणीच्या कायद्यानें प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचें नांव आणि छपाईचें ठिकाण घालणें भाग पडलें. मजकूर आक्षेपार्ह निघाला तर कोणाच्या दारीं जावयाचें हें सरकारला कळावें म्हणून. (तो कायदा आतां उरला नाहीं, २०२३ च्या नियतकालिकांच्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली आहे.) हेतु कांहीं उदात्त नव्हता. पण नांवाचा हा उपयोग, म्हणजे कांहीं बिघडलें तर माणूस सांपडावा, आम्हांस त्या दुसऱ्या उपयोगापेक्षां अधिक प्रामाणिक वाटतो. सही ही चित्रकार करतो तशी अभिमानाचीही असते, आणि हुंडीवर सावकार करतो तशी जबाबदारीचीही असते. हातानें केलेल्या वस्तूंत जर कांहीं विशेष असेल तर तो हाच कीं ती कोणीतरी एकानें केलेली आहे, आणि तो एक जण सांपडतो. यंत्रावर शिवलेल्या पुस्तकाचा टाका उसवला तर कोणास बोलावें? म्हातारीला मात्र जिला बोलावयाचें ती समोर बसलेली होती.

गीतेंतील निष्काम कर्माचा आधार येथें घेण्याचा मोह होतो. आम्ही तो घेत नाहीं. फळाची आशा सोडणें म्हणजे फळ कोणाच्या हातीं जातें इकडे न पाहणें, असा सोयीचा अर्थ लावून पुष्कळांनीं त्या उपदेशास आळसाचें पांघरूण केलें आहे.

मुलीनें काय केलें तें सांगितलें पाहिजे. बारा प्रतींपैकीं नऊ तिनें उसवल्या, जुज पुन्हां सारखे केले आणि नव्या दोऱ्यानें शिवल्या. तिघींचीं भोंकें ओढाताणीनें फाटलेलीं होतीं. त्या उसवल्यानें सुधारण्यासारख्या नव्हत्या. त्या तिनें आपल्या जवळ ठेविल्या आहेत. प्रदर्शनांतल्या चांगल्या प्रतींपैकीं तीन उचलून वाडीच्या गठ्ठ्यांत घातल्या. त्यामुळें तिचें कांहीं हजारांचें नुकसान झालें, हें तिनें लिहिलें आहे आणि तें लिहावयास हवेंच होतें. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापखान्याचें नांव आहे, शब्द सांगणाऱ्या बायकांचीं नांवें त्यांच्या अनुमतीनें आहेत, आणि बांधणाऱ्याच्या नांवापुढें, टाका सैल झाल्यास पुस्तक परत आणून द्यावें, शिवून मिळेल, अशी एक ओळ तिनें मागाहून हातानें लिहिली आहे. चाळीसही प्रतींवर ती आहे.

वाडींतल्या शाळेकरितां या पुस्तकाची एक स्वस्त आवृत्ति काढावी असें तिच्या मनांत आहे. पांचशें प्रती, साधा कागद, छपाई आणि बांधणी दोन्ही छापखान्यांत. छापखानेवाल्यानें तारेच्या पिना मारून देतों म्हणून सांगितलें; तें सर्वांत स्वस्त पडतें. ती नको म्हणाली. येथल्या पावसाळी हवेंत तार गंजते, गंज कागदास खातो, आणि चारदोन पावसाळ्यांत मधलीं पानें सुटतात. नुसत्या गरम सरसानें चिकटविलेल्या पाठीचें पुस्तक पुरतें उघडलें कीं तडकतें, आणि शाळेंतलीं मुलें पुस्तक पुरतेंच उघडतात. दोऱ्याची शिलाई हवी. मग ती यंत्रानें केलेली असली तरी हरकत नाहीं. दर प्रतीमागें किंमत वाढते, आणि ती कोठून भरून काढावयाची याचा हिशेब अजून जुळलेला नाहीं. चाळीस प्रती हातानें शिवल्या नसत्या तर दोरा कां हवा हें तिला इतक्या ठामपणें सांगतां आलें असतें काय, याविषयीं आम्हांस शंका आहे.

आतांपर्यंत एकच प्रत दुरुस्तीस परत आली आहे, ती वाडीतून. टाके शाबूत होते. पाठीवरचें कापड मात्र उंदरांनीं कुरतडलें होतें. मैद्याच्या खळीचा वास त्यांस लागला असावा. जुने बांधणारे खळ शिजवितांना तींत चिमूटभर मोरचूद घालीत, तें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. आतां ती घालते. त्या प्रतीच्या राबाच्या पानावर हळदीचा एक डाग होता, आणि ‘बेणणी’ या शब्दाखालीं कोणीतरी शाळकरी हातानें, पेन्सिलीनें, वाडींत बोलतात तो आणखी एक शब्द लिहिला होता. तो तिच्या संग्रहांत नव्हता.